आधी मारलेली खूण

आमच्या बेटावर, पोर्ट लुईसजवळच्या फिनिक्स गावातल्या त्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायचे सात-आठ लेथ होते, पण आमच्यासाठी मशीन म्हणजे एकच, कोपऱ्यातला उभा लेथ. बाकीच्या लेथवर काम, म्हणजे कातायचा तुकडा, आडवं धरून फिरवतात. याच्यावर काम झोपवायचं. खाली दोन मीटर रुंदीचं गोल टेबल, जात्याच्या तळीसारखं आडवं फिरणारं, आणि वर आडव्या तुळईवरून खाली उतरणारं टूल. साखर कारखान्यांची मोठाली चाकं, कड्या, झाकणं क्रेनने उचलून त्यावर ठेवली की ती स्वतःच्या वजनानेच बसायची. टेबल हळूहळू फिरायला लागलं की पायाखालची जमीन गुरगुरल्यासारखी वाटायची.

हे मशीन काका चालवायचे. ते माझे सख्खे काका नव्हते. लॉंग माउंटन गावचे, पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यांसाठी बेटावर आलेल्या आमच्याच मराठी लोकांपैकी, पन्नाशी उलटलेले, ठेंगणे, खांद्याने रुंद. मी तेर रूज गावचा, सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली दुसरा मशिनिस्ट म्हणून आलो. त्याआधी सहा वर्षं मी आडव्या लेथवर काढली होती आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

पहिल्याच आठवड्यात तो भ्रम फिटला. चार टन वजनाचं ओतीव चाक टेबलावर मध्यभागी आणायचं होतं. मी मोजपट्ट्या शोधत होतो तेवढ्यात काकांनी टेबल सुरू केलं, हातात खडू धरला आणि फिरत्या चाकाच्या कडेजवळ नेला. जिथे चाक बाहेर आलं होतं तेवढ्याच भागावर पांढरी रेघ उमटली. टेबल थांबवून त्यांनी चाक पकडणाऱ्या जबड्याला चावीने पाव आटा दिला. पुन्हा खडू, पुन्हा पाव आटा. चौथ्या खेपेला खडूची रेघ चाकाला सबंध वेढा घालून आली. एवढ्या वेळात मला पट्टीसुद्धा सापडली नव्हती.

त्यांचे कान तर डोळ्यांच्याही वरचे होते. टूलची धार बोथट व्हायला लागली की कीस निघायचा आवाज बदलतो, हे कुणीही सांगेल. पण काका पाठ फिरवून चहा पीत असताना, आवाज बदलायच्या आधीच म्हणायचे, "बंद कर, आता रडंल ते." मी बंद करायचो. टूल काढून बघावं तर धारेच्या टोकाला बोथटपणाची नखाएवढी चकाकी आलेली असायची.

त्यांच्या दोन सवयी इतर कुणाला नव्हत्या. बाकीचे मशिनिस्ट काम संपल्यावर त्यावर आपली खूण ठोकायचे. हे काम माझं, काही बिघडलं तर मला विचारा, असा तिचा अर्थ. काका खूण आधी मारायचे. काम टेबलावर चढलं की जिथे टूल जाणार नाही अशा जागी ते आपला छोटा त्रिकोणाचा पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचे आणि मगच मशीन सुरू करायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आधी नाव लागलं की हात जपून चालतो."

दुसरी सवय अशी की शेवटचा कट त्याच दिवशी मारायचा नाही. मोठे कट घेताना पोलाद तापतं, तापलं की फुगतं. म्हणून संध्याकाळी जबडे थोडे सैल करून काम तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्र्याचं छप्पर तापायच्या आत, थंड कामावर माप घेऊन शेवटचा कट मारायचा. वर्कशॉपचा साहेब वैतागायचा. मीही मनातून वैतागायचो. माझं नवीन लग्न झालं होतं, त्यामुळे मला ते नवरदेव म्हणायचे.

"नवरदेवा, घाई कुणाची? बायको पळत नाय, लोखंडबी पळत नाय."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लाकूप, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, ऐन भरात असताना एका कारखान्याचं मोठं दाती चाक फुटलं. या चाकाचे दोन भाग असतात, मधलं भरीव चाक आणि त्यावर बसणारं दात्यांचं कडं. कडं तापवून फुगवायचं, मधल्या चाकावर उतरवायचं आणि गार होऊ द्यायचं, की ते आकसून घट्ट आवळून बसतं. म्हणून मधलं चाक कड्याच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठं लागतं. तो किंचितपणा गेला की सगळं गेलं. कडं शाबूत होतं. मधलं चाक आम्हाला नवं करून द्यायचं होतं.

कारखाना बंद होता आणि तोडलेला ऊस लॉऱ्यांत सुकत होता. त्यात दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. लॉंग माउंटनला काका झाकरीच्या नाचगाण्यात ढोलकी वाजवायचे, वर्षातली एवढीच रजा ते मागायचे. सकाळी त्यांनी चाक बसवलं, त्रिकोण ठोकला आणि शेवटच्या मापावर आपला मापायचा गज जुळवून दिला. हा गज त्यांनी स्वतः बनवला होता, धनुष्यासारखी वाकवलेली जाड सळई आणि दोन्ही टोकांना टणक टोचे. दोन्ही टोचे चाकाला हलकेच चाटून गेले की माप बरोबर.

जाताना म्हणाले, "आज फकस्त जाडा माल काढ. उद्या सकाळी आधी गज लाव, मग शेवटचा कट. ऐकलंस?"

"ऐकलं, काका."

दुपारी तीनला साहेब आला. त्याने क्रेओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, विचारलं, चाक उद्या सकाळी सातला लॉरीत चढेल का? चढलं तर उरलेला दिवस तुला सुट्टी, गणपतीला घरी जा. लग्नानंतरचा माझ्या घरचा तो पहिला गणपती होता. पण खरं सांगायचं तर गणपतीचं निमित्त होतं. काकांशिवाय मीही हे मशीन चालवू शकतो हे साहेबाला दिसावं, असं मला वाटत होतं.

"वी, मिस्ये," मी म्हणालो. हो, साहेब.

पाचच्या सुमारास शेवटचा कट मारला. चाकाला हात लावला तर चहाच्या पेल्याइतकं ऊन होतं. ते मला कळलं होतं, हे मी इथे लिहून ठेवतो. गज लावला. दोन्ही टोचे चाटून गेले. काका असते तरी याहून सफाईचं झालं नसतं, असं मी स्वतःला म्हणालो.

सकाळी साडेसहाला पोचलो. आमचा हिवाळा सरत आला तरी फिनिक्सला सप्टेंबरच्या सकाळी थंडी असते, वर भुरभुर पाऊस. क्रेनवाला अजून कपडे बदलत होता. मी गज लावला आणि तो सरळ खाली सरकला. टोचा आणि चाक यांच्यामध्ये वर्तमानपत्राचे चार पदर आरामात जातील एवढी फट होती.

तेव्हाच साहेबाकडे जाता आलं असतं. एक दिवस गेला असता, शिव्या बसल्या असत्या. मी गज पुसला, काकांच्या खणात ठेवला आणि क्रेनवाल्याला हात केला. चाक लॉरीत चढलं. तेर रूजला मी आरतीला वेळेवर पोचलो.

कडं आठवडाभर टिकलं, मग सरकलं. कुणाला इजा झाली नाही, पण कारखाना पुन्हा बंद पडला आणि चाक आमच्याकडे परत आलं. साहेब, क्रेनवाला, मी, सगळे भोवती उभे होतो. काकांनी गज नव्याने मापावर जुळवून लावला, तो खाली घसरला. मग त्यांनी चाकावरून तळहात फिरवला. शेवटच्या कटाचे ओरखडे त्यांच्या हाताचे नव्हते, हे त्यांना कळलं नसेल असं मला कधीच वाटलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गज चुकीचा जुळवला होता की कट चुकला? कुणाचं काम हे?" साहेबाने विचारलं.

मी खाली पडलेला कीस पायाने बाजूला सारत राहिलो. काकांनी त्रिकोणावर बोट ठेवलं.

"खूण माझी हाय, मिस्ये."

चाकावर वेल्डिंगचा थर चढवून त्यांनी ते पुन्हा कातलं. साहेब डोक्यावर उभा असतानाही शेवटचा कट सकाळी थंड कामावरच मारला. ते चाक पुढे कितीतरी हंगाम चाललं. पण साहेबाने ठरवून टाकलं होतं की गज जुळवतानाच चूक झाली, म्हाताऱ्याची नजर गेली. महिन्याभरात काकांना टूलला धार लावायच्या खोलीत बसवलं आणि मशीन मला मिळालं.

त्यांनी मला शिकवणं थांबवलं नाही. मी अडलो की खोलीच्या दारात जायचो, ते हात पुसत यायचे, खडू धरायचे, दोन शब्दांत सांगायचे आणि परत जायचे. त्यांनी लावलेली धार तर अशी असायची की कीस निळ्या फितीसारखा अखंड उतरायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी गज माझ्या खणात आणून ठेवला होता. मी मात्र रोज त्या खोलीवरून जाताना भरभर पाय उचलत होतो.

ते निवृत्त झाले. त्या चाकाला आठ वर्षं झाल्यावर, गणपतीच्या आधीच्या रविवारी, मी लॉंग माउंटनला गेलो. अंगणात बसून ते ऊस तोडायच्या कोयत्याला दगडावर धार लावत होते.

"ये, नवरदेवा. पोरं किती झाली?"

"तीन. काका, ते दाती चाक... शेवटचा कट मी आदल्या संध्याकाळीच मारला होता."

"ठावं हाय."

"आणि सकाळी मापलं होतं. कमी भरलं, तरी पाठवलं."

आता त्यांचा हात थांबला. "सकाळी मापलंस? ते ठावं नव्हतं. फट किती व्हती?"

"वर्तमानपत्राचे चार पदर."

"मी पाच धरले व्हते," ते म्हणाले आणि पुन्हा धार लावू लागले.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"खूण माझी व्हती. बाकीचं बोलायचं कुणी, तू का मी?"

त्यांनी कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवून पाहिला.

"पर माझ्याकडं कशाला आलास? मला ठावंच व्हतं. ज्यांला ठावं नाय त्यांच्याकडं जा."

सोमवारी चहाच्या सुट्टीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. जुना साहेब केव्हाच गेला होता. निम्मे लोक नवे होते, त्यांनी काकांना पाहिलंही नव्हतं. एकजण हसला, "आयो, आठ वर्षांपूर्वीचं चाक अजून फिरवतोयस?" मीही हसलो असतो, पण क्रेनवाला हसत नव्हता. त्याने उरलेला चहा ओतून टाकला आणि पेला विसळायला लागला. बराच वेळ विसळत राहिला.

"आठ वर्षं मी सांगत फिरलोय," तो क्रेओलमध्ये म्हणाला, "की म्हाताऱ्याची नजर गेली होती. माझ्या मुलीच्या लग्नात सांगितलं, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर. तोही बसला होता तिथे."

"काय म्हणाले?"

"हसला. केक खाल्ला." त्याने पेला उपडा ठेवला. "लॉंग माउंटनची बस कुठून मिळते?"

"पोर्ट लुईसला बदलावी लागते. मी येतो तुझ्याबरोबर."

"नको," तो म्हणाला. "तू तुझं जाऊन आलास. मला माझं जायचंय."