पांढरे पडलेले सोने

प्रथम क्षमा मागतो. मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. फळ्यापलीकडे काही लिहिल्याचे मला आठवत नाही. निवृत्तीनंतर स्वतःच्या लघवीविषयी चारचौघांसमोर लिहिणे मला शोभत नाही, असे आजही वाटते. तरीही लिहितो, कारण दुसरे एखादे घर याच फेऱ्यात सापडलेले असू शकते आणि तेथे कोणाला त्याचा पत्ताही नसेल.

सोलापूरच्या मूत्रपिंडतज्ज्ञ बाईंनी बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या मूत्रपिंडाच्या तुकड्याचा, अहवाल वाचला आणि म्हणाल्या, "सर, याला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी म्हणतात. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली आहे. रक्तातली प्रथिने लघवीवाटे वाहून जात आहेत."

कशामुळे, असे मी विचारले.

"पुष्कळदा कारण सापडत नाही."

मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हेही त्यांनी माझ्याकडे सरळ पाहून सांगितले. त्या सरळपणाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बाहेर बाकावर माझी पत्नी सुमन बसली होती. तिने आजाराचे नाव विचारले नाही. गळ्यातले मंगळसूत्र पदराआड मुठीत धरून ती म्हणाली, "मला ठाऊक होतं."

तिला काय ठाऊक होते, ते सांगायला हवे. त्याआधी काही महिने तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्या पडू लागल्या होत्या. मळकट नव्हे, पांढऱ्या. सोन्यावरून कोणी चांदीचे बोट फिरवावे तशा. धाराशिवला आमच्या नेहमीच्या सराफी पेढीवरच्या माणसाने त्या उजळून दिल्या. "घामानं व्हतं काकू, कुणाकुणाच्या," तो म्हणाला. थोड्याच आठवड्यांत त्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. त्याच सुमारास माझ्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटून राहू लागले, लघवीला साबणासारखा फेस येऊ लागला आणि सकाळी डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागल्या.

माझी थोरली बहीण आक्का ईट गावाहून मला पाहायला आली, आणि माझ्याआधी तिने सुमनचा गळा पाहिला.

"सुमन, हे कवापासनं?"

"झाले की चार-पाच महिने, वन्सं."

"अन् बापूचे पाय?"

सुमन स्वयंपाकघरात निघून गेली.

मी हे हसण्यावारी नेले. पण एका सकाळी मी दाढी करत असताना सुमन मागे येऊन उभी राहिली आणि आरशात आमचे दोन चेहरे शेजारी शेजारी दिसले. तिच्या गालांवर वांग होते. त्या तपकिरी डागांमुळे मुलीच्या लग्नाचे फोटो तिने कोणाला दाखवले नव्हते. ते डाग आता पार नाहीसे झाले होते. चेहरा उजळ, एकसारखा, वयाने लहान झालेला. माझा मात्र भिजवलेल्या कणकेसारखा. शेजारच्या बाई फाटकातून थट्टेने म्हणाल्या होत्या, "सरांचं समदं तेज तुमीच वढून घेतलं की वो वैनी!" आरशात पाहताना मला ती थट्टा वाटेना.

बायोप्सीनंतर आक्का पुन्हा आली. "रागानं सांगत न्हाय बाई," ती सुमनला म्हणाली, "पर ग्रह टळूस्तोर जरा लांब ऱ्हा. जगला वाचला तर तुझाच हाय की त्यो."

सुमन सास्तूरला माहेरी गेली. जाताना आपली उशी, पांघरूण, टॉवेल, आरशापुढचे सामान, सगळे घेऊन गेली. स्वतःची खूणही मागे ठेवायची नव्हती जणू.

आणि मी बरा होऊ लागलो.

गोळ्या त्याच होत्या. तरी सूज उतरली, लघवीतली प्रथिने घटत गेली. प्रत्येक चांगला अहवाल मी तिला फोनवर वाचून दाखवी. मग ती म्हणे, "बरं झालं. मग राहते मी हितंच."

नवरात्रात ती माझ्या हट्टाने परत आली. दिवाळीला माझे पाय पुन्हा सुजले. तिने बॅग भरायला घेतली. मी आयुष्यभर मुलांकडे सिद्धता मागत आलो होतो, आणि ही तर नको इतकी स्वच्छ होती : ती आली की मी सुजतो, ती गेली की ओसरतो. "थांब" म्हणताना माझा आवाज मलाच पोकळ वाटला. ती थांबली नाही.

आजार उलटल्यामुळे डॉक्टरांनी बायोप्सीचा शिल्लक तुकडा खास तपासणीसाठी मुंबईला पाठवला. तो अहवाल आला त्या दिवशी आक्का माझ्यासोबत होती. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"सर, तुम्ही गोरं व्हायचं क्रीम लावता?"

दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. माझ्या चेहऱ्याला आजवर तुरटीखेरीज काही लागलेले नाही. आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या वयात रं, बापू?"

"मग घरात कुणी लावतं?"

मला आरशातला तो उजळ चेहरा आठवला.

तुकड्यात जी खूण सापडली ती अशी क्रीमे लावणाऱ्यांत पुष्कळदा दिसते, असे डॉक्टरांनी सांगितले. सुमनला बोलावून घेतले. पिशवीतून तिने एक लहान पिवळी डबी काढली. झाकणावर परकी लिपी होती. आत काय आहे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. ओळखीच्या पार्लरमधून ती घेत असे. आम्हां दोघांच्या रक्ता-लघवीत मर्क्युरी, म्हणजे पारा, सापडला. तिच्यात माझ्यापेक्षा अधिक, पण तिची मूत्रपिंडे शाबूत होती. एकाच पाऱ्याने एकाला धरावे आणि दुसऱ्याला सोडावे असे का होते, ते आम्हांलाही पुरते कळलेले नाही, असे डॉक्टर म्हणाल्या.

पारा रंग उजळवतो, म्हणून काही क्रीममध्ये तो चोरून घालतात. त्वचेवरून तो उशीत, टॉवेलात, हातांवर जातो. बंद खोलीत त्याची वाफ होते. तिला वास नसतो. शेजारी झोपणारा ती श्वासात घेतो. सोन्याला लागला तर सोने पांढरे पडते.

सुमन एवढेच म्हणाली, "म्हणजे माझ्या पायगुणानं न्हाय ना, डॉक्टर?"

"नाही हो ताई. डबीमुळं."

ती हसली आणि मग तिला रडू आवरेना. आक्काने तिचा हात धरला. "मी तुला घरातनं काढलं गं."

"तुमीच वाचवलंत की त्यांना, वन्सं," सुमन डोळे पुसत म्हणाली. "चुकून का हुईना."

क्रीम बंद झाले. आम्हां दोघांवर उपचार झाले. माझ्या लघवीतून प्रथिने जाणे आता जवळजवळ थांबले आहे आणि सुमनचे वांग परत आले आहे. मला ते पाहून किती बरे वाटते, हे तिला सांगण्याचे धाडस मला अजून झालेले नाही. माझ्यासारख्या कोणाच्या पायांवर सूज आणि लघवीला फेस असेल, तर घरात कोण काय लावते, तेही डॉक्टरांना सांगावे. डबीवर घटक लिहिलेले नसतील, किंवा मर्क्युरी, कॅलोमेल अशी पाऱ्याची नावे असतील, तर ती वापरू नये.

सुमन परत आली आहे. पण तिची खाट बाहेरच्या खोलीत आहे. उश्या, टॉवेल, आमची गादी आणि उरलेल्या डब्या आम्ही प्लास्टिकमध्ये बांधून अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या आहेत. "ते हितून गेलं की येते मी आत," ती म्हणते.

जाळू नका, वाफ होईल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पुरले तर मातीत आणि विहिरीत उतरेल. घंटागाडीवरच्या माणसाने विचारले, "सुका का वला, सर?" मी म्हटले, विषारी. तो म्हणाला, "मग आमाला कशाला देताय?" नगरपालिकेत, रुग्णालयात, औषधाच्या दुकानात विचारून झाले. सगळे सौजन्याने बोलले. घेतले कोणीच नाही. पारा कुजत नाही, जुना होत नाही. तो पत्र्यामागे बसून आहे आणि सुमन रोज त्या खोलीला वळसा घालून तुळशीला पाणी घालायला जाते.

ते सामान आम्ही कोठे नेऊन टाकावे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?