मायच्या बाडीतले मुळे

आमगावजवळ आमच्या घरामागे भाजीची बाडी आहे. धान थोरला भाऊ पाहतो, बाडी मायची. मी गोंदियात नोकरी करतो, कुडव्याला राहतो आणि रविवारी मोटरसायकलनं जाऊन दोघांना फुकटचे सल्ले देतो.

आमच्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, प्लास्टिकच्या पन्नीत घोटतात. भावानं तोबरा भरला की पन्नी तिथंच अंगणात पडते. सकाळी ती झाडून उकिरड्यावर जाते आणि पुढं शेणखतातून बाडीत. माय दर वर्षी वाफे करताना टोपलीभर पन्न्या वेचायची आणि भावाच्या नावानं बोटं मोडायची. तिचे कष्ट वाचावेत म्हणून भावानं एका वर्षी बाडीत ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला. पन्न्या दिसेनाशा झाल्या. "बारीक झाल्या, मातीत मिसळल्या," तो म्हणाला. आम्हा सगळ्यांना बरंच वाटलं. मग दर वर्षी तेच.

पुढं मुळे आखूड यायला लागले, दोन-दोन पाय फुटलेले. कच्च्या खतानं मुळा फाटतो, म्हणून मायनं चांगलं कुजलेलं खत घातलं. काही फरक नाही. कृषी खात्यातला एक ओळखीचा म्हणाला, प्लास्टिकच्या कणांनी माती बिघडते, मुळं नीट वाढत नाहीत; पण तुमच्याकडं त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. मग करायचं काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला त्याचा उगाच राग आला.

माय दर हिवाळ्यात सगळ्यात सरळ मुळे निवडून, पाला छाटून परत रोवते. त्यांच्या शेंगांचं बी पुढच्या साली. हे बी तिनं लग्नात माहेराहून आणलेलं. यंदा तिनं अख्खा वाफा उपटला, तरी रोवण्याजोगा एकही निघाला नाही.

तिनं मूठभर माती माझ्यापुढं धरली. "तुले काही दिसून राहिलं का?"

निळे, पांढरे, चकाकणारे कण होते. चिमटीत एकही येईना.

"हे वेचू कशी आता?"

भाऊ बांधावर खाली मान घालून उभा होता. मी तर काही न करताच थकलो होतो.

मायनं मुळे पाल्यासकट गाईपुढं टाकले आणि हात झटकले.

"गोंदियाहून बियाचा पुडा आणजो," ती म्हणाली. "कोनतंबी चालते."