साळुबाईच्या हातचा शेक

जुन्नरजवळच्या डिंगोऱ्यात तेव्हा तिशीच्या आत असलेली निम्मी माणसं साळुबाईच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. बाळंतिणीचं न्हाणं, बाळाची आंघोळ, शेक, मालिश हे तिचं काम. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, तान्हं पोर नडग्यांवर पालथं घालायचं आणि तांब्या तांब्यानं ऊन पाणी ओतायचं. पोर किंचाळून घर डोक्यावर घ्यायचं, दारात आजीचा जीव खालीवर व्हायचा, आणि साळुबाई आपली निवांत. पाणी हातानं बघायचं ते बघायचंच, पण खरं माप लेकराच्या रडण्यात, असं ती म्हणे. "भाजलं की ते येगळं रडतंय. मला कळतं." आणि तिला कळायचंही. पंचवीस वर्षांत तिच्या हातून एका पोराला चटका बसला नव्हता. याचा तिला अभिमान होता आणि थोडा ताठाही होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात तिचा एकुलता एक मुलगा भरत तापानं आडवा झाला. सव्वीस वर्षांचा गडी, टेम्पोत टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजारात न्यायचा. ताप चार दिवसांत उतरला आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याला खाटेवरून पाय खाली सोडता येईनात. कंबरेखालचं अंग त्याचं राहिलंच नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापानंतर क्वचित असं होतं, मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे. काही जण उठतात, काही जण नाही. सहा महिन्यांत पायांना काही कळायला लागलं तर आशा धरायची.

दीड महिन्यानं त्याला घरी आणलं. साळुबाईचा नवरा गेणू हा मुळातच कमी बोलणारा. तो आता फक्त भरतला उचलायचा, कुशीवर वळवायचा, पाठीवर घेऊन अंगणात आणायचा. भरतचा मित्र राजमहंमद याचं जुन्नरला वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं चार नळ्या आणून अंगणात धरून चालायचे दोन कठडे रोवून दिले. "राव, गाडी ग्यारेजला लागलीय, भंगारात न्हाई गेली," असं म्हणून तो हसला, आणि मोटरसायकलकडे जाताना भिंतीआड उभा राहून रडला. व्यायाम करून घेणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा जुन्नरहून यायचे.

पुण्याहून निघताना डॉक्टरांनी गेणूला बजावून सांगितलं होतं, पायांना गरम काही लावू नका. गेणूनं ते घरी येऊन सांगितलं. साळुबाईनं ऐकलं आणि सोडून दिलं. ज्यांना शेकता येत नाही त्यांना डॉक्टर असं सांगत असतील, असं तिला वाटलं. आपण गावाला शेकलं आणि पोटच्या पोराला शेकायचं नाही, हे तिच्या पचनी पडेना.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गेणू रानात होता. तिनं तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात पुरचुंडी बांधली, हाताच्या मागच्या बाजूला लावून बघितली आणि भरतच्या पोटरीवर ठेवली.

"भाजतंय का रं?"

"न्हाई."

तिनं पुरचुंडी परत तापवली. "आता?"

"काहीच न्हाई. अजून गरम कर, आई."

तोही अडून बसला होता. काहीतरी लागावं, एक चटका तरी कळावा, यासाठी त्याचा जीव तुटत होता. तिनं तिसऱ्यांदा तापवली. या खेपेला हाताला सोसेना, तरी ठेवली. दाबून धरली. आणि बघता बघता कातडी लाल झाली.

"भरत! रगत आलं रं पायात!" ती आनंदानं ओरडली. दुसरा पायही तिनं तसाच शेकला.

दिवेलागणीला दोन्ही पोटऱ्यांवर टरटरून फोड आले. दुसऱ्या दिवशी व्यायामाचे डॉक्टर आले तेव्हा कुणी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "म्या भाजलं. माझ्याच हातानं." डॉक्टर चांगला माणूस होता, रागावला नाही. जखमा भरेपर्यंत पायांना आधाराचे पट्टे बांधून उभं करता येणार नाही, एवढंच बोलला. उजवी जखम चिघळली. दोन महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलेल्या सहातले दोन. अंगणातले कठडे तसेच उभे राहिले आणि साळुबाई त्यांच्याकडे न बघता अंगण झाडायला शिकली.

मार्गशीर्षात गावातल्या कुंडलिकाची सून प्राची बाळंत झाली. कुंडलिक स्वतः बोलवायला आला. साळुबाई दारातूनच म्हणाली, "दुसरी कुणी बघा, भाऊ. माझा हात गेला." त्यानं चार गोष्टी सांगून पाहिल्या, पण ती हलली नाही.

भरतचे पाय मात्र तीच धुवायची. फक्त पाणी गार. रांजणातलं, रात्रभर थंडीत राहिलेलं. गेणू एकदा म्हणाला, जरा कोमट तरी घे. तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही. ऊन पाणी घ्यायचं तर आधी हातावर भरवसा हवा. तोच तिचा उडाला होता.

संक्रांतीच्या सकाळी असं हिव पडलं होतं की गोठ्यातली जनावरंसुद्धा अंग चोरून उभी होती. जखमांवर नवी कातडी धरली होती. भरत ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. साळुबाईनं बादली ठेवली, पाय लांब सोडले, त्याचे वाळलेले पाय आपल्या नडग्यांवर घेतले आणि तांब्या ओतला.

"किती गार पाणी आणलंस गं," भरत कुरकुरला.

तिचा तांब्या हवेतच राहिला. "कुठं लागलं गार?"

"डाव्या पायाला. घोट्यापाशी."

तिला विश्वास ठेवायची भीती वाटली. पाणी दिसलं म्हणून म्हणाला असेल, आईला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. तिनं खांद्यावरचा टॉवेल त्याच्या डोळ्यांवर बांधला.

"आता सांग."

तिनं उजव्या पायावर ओतलं. भरत गप्प. डाव्यावर ओतलं. "हां, आता." मग तिनं तांब्या बाजूला जमिनीवर ओतला, आवाज होईल असा. 

"न्हाई टाकलंस. फसवतीस व्हय मला?"

"अवं!" साळुबाईनं गोठ्याकडे हाक मारली. गेणू शेणाच्या हातांनी पळत आला.  तिनं नुसता तांब्या त्याच्या हातात दिला आणि डाव्या पायाकडे बोट दाखवलं. त्यानं पाणी ओतलं. भरत बापाला म्हणाला, "दादा, लई गार हाय ओ." गेणू खाली बसला आणि शेणाच्या हातांनीच त्यानं तो पाय धरून ठेवला.

पुढं सगळं सोपं झालं असं नाही. उजव्या पायाला कळायला उन्हाळा लागला. कठड्यांना धरून उभं राहायला पुढचा श्रावण, आणि डिंगोऱ्याच्या एसटी थांब्यापर्यंत चालत जायला दोन हजार एक साल. काठी काही सुटली नाही. टेम्पो गेला तो गेलाच. राजमहंमदच्या दुकानात भरत बसून मोजमापं घेऊ लागला. पोटऱ्यांवरचे डाग अजून आहेत. हाफ पँट घालायची झाली की तो ते खुशाल दाखवतो, आईच तेवढी नजर फिरवते.

पण त्या संक्रांतीला, भरतचे पाय कोरडे करून झाल्यावर, साळुबाईनं पदर खोचला आणि कोणाला न सांगता ती कुंडलिकाच्या घरी गेली. प्राचीची मुलगी दीड महिन्याची झाली होती. बाळंतपणाला आलेली प्राचीची आईच कशीबशी आंघोळ घालत होती, भीत भीत, कोमट पाण्यानं.  साळुबाई न्हाणीत जाऊन पाटावर बसली, पाय लांब केले आणि मुलीसाठी हात पुढे केले.  भरतला भाजल्याचं प्राचीच्याही कानावर आलं होतं, तरी तिनं मुलगी दिली.

साळुबाईनं पाणी मनगटावर घेतलं, कोपरावर घेतलं, गालावर घेतलं, आणि मग पहिला तांब्या ओतला. मुलगी किंचाळली. प्राची दाराशी दचकली.

साळुबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "रड गं माझे बाय, रड," ती म्हणत होती. "मोठ्यानं रड. मला सांगत जा."