साहेब आले की चालणारी मोटार

आमच्या गावात सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प आहे. त्याच्या फाटकाबाहेर मुरबे गावची एक कोळीण रोज मासळी घेऊन बसायची. नाव कधी कळलं नाही. पण गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिचा एक कान आतल्या, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या मोटारीकडे असायचा. मोटार चाले ती फक्त प्रदूषण मंडळाच्या तपासणीच्या दिवशी. एरवी गटाराचं काळं पाणी तसंच खाडीत जायचं.

एका सकाळी मोटार घरघरली. तपासणी करून साहेब निघाले, तेव्हा ती पदर खोचून गाडीपुढे उभी राहिली.

"बाई, पाणी स्वच्छ आहे. आत्ताच पाहिलं मी," साहेब म्हणाले.

"तुमी आलात म्हनून सोच्च हाय! आता जाऊ नका. खाट देते, जेवन देते, हितंच रावा. तुमी गेलात का मोटार बंद, नि खाडीत मासली मरते."

साहेब चक्क हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, वॉचमननं तिला दंडाला धरून ओढलं. गाडी बोईसरच्या रस्त्याला लागली नाही, तोच मोटार थांबली.

ती आम्हा बघ्यांकडे वळून ओरडली, "ऐकलात ना सगल्यांनी? का अजून नाय?"

आणि ती तडक फाटकाकडे निघाली. वॉचमनला बाजूला सारून आम्ही सगळे तिच्यामागोमाग आत शिरलो.