चाराचं निम्मं दोन

परतूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात दैवशाला मॅडम अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होत्या. शेतकऱ्याघरची लेक, गावातली पहिली एम.एस्सी. झालेली बाई. पोरांवर त्यांनी हात कधी उचलला नाही. पण त्या दिवशी अकरावीचे पेपर टेबलावर असे आपटले की पहिला बाक दचकला.

प्रश्न एका मार्काचा. एका अभिक्रियेचा समतोल स्थिरांक चार आहे. तिचं समीकरण दोननं गुणलं तर स्थिरांक किती? उत्तर सोळा. त्रेपन्नपैकी एकेचाळीस जणांनी आठ लिहिलं होतं.

"घसा बसेपर्यंत सांगितलं, समीकरण दुप्पट केलं की स्थिरांकाचा वर्ग होतो. आठ आणलं कुठून?"

राजनंदिनी उठली. "मॅडम, तुम्हीच सांगितल्तं."

"मी?"

तिनं वही आणून पुढ्यात ठेवली. "हे बघा. समीकरण निम्मं केलं, तर चाराचे दोन. मंग दुप्पट केल्यावर आठच व्हणार न्हाई का?"

मॅडमनी पान निरखलं. वर्गमुळाचं चिन्ह कुठंच नव्हतं. त्यांनी फळ्यावर ते काढलं होतं, तोंडानंही सांगितलं होतं. पण चाराचं वर्गमूळ दोन आणि निम्मंही दोनच. पोरांनी सोपं तेवढं उचललं. वर्गमूळ पटकन निघतं म्हणून अठरा वर्षं हेच उदाहरण आणि अठरा वर्षं पोरांना मठ्ठ म्हणणं. आता चिडावं तरी कोणावर?

त्यांनी फळा पुसला आणि नऊ लिहिले.

"निम्म्याला वर्गमूळ, तीन. दुप्पट म्हणजे तेच समीकरण त्याच्यातच मिळवलं. समीकरणांची बेरीज झाली की स्थिरांकांचा गुणाकार होतो. नऊ नवे एक्क्याऐंशी. अठरा न्हाई. कळलं?"

"बराबर," राजनंदिनी म्हणाली.

शनिवारी पुन्हा चाचणी घेतली. अकरा जणांनी अठरा लिहिलं.

स्टाफरूममध्ये श्रीपती सर समजूत घालायला लागले, "एकेचाळीसवरून अकरावर आलात, कमी आहे का?"

"एकेचाळीस माझ्यामुळं चुकले, सर. हे अकरा कशामुळं चुकले ते कळंना, म्हणून डोकं फिरतंय."

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी त्या अकरा जणांना एकेक करून बोलावलं आणि पहिल्याला विचारलं, "तू कसं केलंस, तेवढं सांग. मी मधे बोलणार न्हाई."