सोडले नावाचं गाव

मान डोलावणं ही माझी जुनी खोड. कोणी काही बरं बोललं की माझी मान आपोआप हलते. ही खोड एका सरळ माणसाच्या मुळावर आली, म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. धुळ्यात इतिहास संशोधनाची आमची एक छोटी संस्था होती. संस्था म्हणजे काय, दोन खोल्या, चार लाकडी कपाटं आणि गावोगावहून गोळा करून रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद. डॉक्टरेटचे विद्यार्थी आता आपल्याकडेही येणार, असं दिसू लागलं तेव्हा संस्थेतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या संशोधकांनी आम्हा तिघा मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबा म्हणाले, "प्रबंध लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याकडून लिहवून घेणं वेगळं. ते तुम्हाला येत नाही. रविवारी सकाळी येत जा."

आबांची ती शाळा विचित्रच होती. एकानं आपलं टिपण वाचायचं आणि दुसऱ्यानं समोर बसून ऐकायचं, पण चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. मान हलली की उठून सगळ्यांना माठातलं पाणी आणून द्यायचं. सगळ्यांत जास्त पाणी अर्थातच मी आणलं. आबा बजावायचे, "विद्यार्थी पुरावा शोधायला जातो आणि घेऊन येतो ते तुम्हाला आवडेल ते. म्हणून तुम्हाला काय आवडतं ते त्याला कळताच कामा नये." मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरीच. मान हलवली म्हणून इतिहास बदलतो होय?

माझ्या वाट्याला विद्यार्थी म्हणून आले ते धरणगावचे एक शाळामास्तर. पस्तिशीचे, पोराबाळांचे, अत्यंत प्रामाणिक. खानदेशातल्या ओसाड पडलेल्या गावांवर त्यांना प्रबंध लिहायचा होता. शाळेनं त्यांना तीन वर्षांची रजा दिली होती ती एका अटीवर, पदवी घेऊन या, नाहीतर येऊच नका. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाले, "सर, आता सगळं तुमच्या हातात." मला ते ऐकून बरं वाटलं. वाटायला नको होतं.

महिन्याभरात भडगावकडच्या एका रुमालात एक फाटका कागद निघाला. मोडीत शब्द सुटे नसतात. टाक न उचलता ओळ सलग जाते आणि ती कुठं तोडायची हे वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं. मास्तर अडखळले. माझ्यात कसला धीर! मी कागद ओढून घेतला आणि खडाखडा वाचून दाखवला, "गिरणेकाठी गाव सोडले. विहीर आटली, रयत परागंदा."

"सोडले नावाचं गाव दिसतंय," मी म्हटलं. "कापडणे, फागणे असतं, तसं सोडले. नकाशात नाही, म्हणजे ओसाड पडलं असणार. शोधून काढा."

मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं ते सगळंच लिहून घेत.

पंधरा दिवसांनी ते आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. गिरणेकाठी त्यांना एक म्हातारी भेटली होती. सोडले ठाऊक आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "शे ना भाऊ. मन्ही माय सोडलेनीच व्हती." तिची आईच सोडल्याची होती! मी मान डोलावली.

मग एकदा जिना उतरता उतरता मी सहज बोलून गेलो की नदी जवळ आहे, तर रंगाऱ्यांची वस्ती असेल. पुढच्या खेपेला मास्तर रंगाऱ्यांच्या सात घरांची हकीकत घेऊन आले. मी म्हटलं, देवीचं देऊळ असेल, दक्षिणेकडे तोंड केलेलं. देऊळ आलं, तोंड दक्षिणेकडेच. मी इथं जे बोलावं ते महिन्याभरात गिरणेकाठच्या कोणाच्या तरी तोंडून माघारी येई, सांगणाऱ्याचं वय आणि गाव यांच्यासकट. सुरुवातीला मी हुरळून गेलो. काय आपली नजर, असं वाटायचं. पुढं पुढं मात्र मास्तर वाचायला लागले की अंगावर काटा यायचा, कारण त्या म्हाताऱ्यांच्या तोंडी वाक्यं माझी होती. खुद्द मास्तरही माझ्यासारखेच बोलू लागले होते. बोलण्याआधी दोनदा खाकरायची मला सवय आहे. आता ते दोनदा खाकरत.

शेवटी मी एक लबाडी केली. "मास्तर, मला वाटतं त्या गावात कुत्री नसावीत," असं म्हटलं. त्याला कसलाही आधार नव्हता. चहा पिता पिता डोक्यात आलं ते बोललो.

बारा दिवसांनी मास्तर आले आणि वही उघडून वाचू लागले, "सोडल्यात कुत्रं टिकत नसे, असं तिघे जण सांगतात."

पुढच्याच आठवड्यात मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो. भर दुपारी आमची बैलगाडी नदीकाठी थांबली. बाभळी, वाळू आणि थोडे दगड. तसले दगड कुठेही असतात. जवळच एका झोपडीच्या सावलीत ती म्हातारी बसली होती. मास्तरांना मी गाडीतच बसवलं, एकटा तिच्यापाशी गेलो आणि सोडल्याचं नाव मुद्दाम न घेता विचारलं, "अक्का, इकडं कोणतं गाव ओसाड पडलंय?"

तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं होतं, दिसत काहीच नव्हतं. तिनं मान वर केली आणि हसली. "तुम्हना आवाज वळखीना शे, भाऊ. सोडलेनं इचारतस ना? तठे कुत्रं नव्हतं."

त्या बाईसमोर मी जन्मात पहिल्यांदा उभा होतो. परतताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, दिवसभरात आमच्या गाडीवर एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. मी मास्तरांना काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी लिहून घेतलं असतं.

तो कागद घेऊन मी तडक आबांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, एकवार वाचलं आणि भिंग खाली ठेवलं. "अरे, गाव सोडले म्हणजे गाव सोडलं. रयतेनं गाव सोडलं. गावाचं नाव वरच्या ओळीत होतं, ती ओळ फाटून गेली आहे. सोडले नावाचं गाव तू कुठून काढलंस?"

मी रंगारी, देऊळ, कुत्री, सगळं सांगितलं. म्हातारीचंही सांगितलं. आबांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. मग म्हणाले, "ते गाव आहे, असं त्याला कोणी सांगितलं?"

"मी."

"मग ते नाही, हेही तूच सांगायचं."

"आणि ती म्हातारी?"

"ते मला विचारू नकोस," आबा म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत दिला.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. मास्तर पक्की प्रत घेऊन आले. नऊ प्रकरणं, त्यांतली पाच सोडल्यावर. मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. वाचण्यात चूक माझी, गाव माझं, रंगारी माझे, देऊळ माझं, आणि कुत्र्यांची तर निव्वळ थाप. सांगताना मला रडू आवरलं नाही. एका माणसाची तीन वर्षं मी मातीत घातली होती. हा प्रबंध आता जाणार नव्हता आणि शाळा त्यांना पुन्हा दारात उभं करणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी चिडावं, बाड माझ्या तोंडावर फेकावं, मला वाट्टेल ते बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते दोनदा खाकरले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "मग सर, आता काय लिहू?"

मी उत्तर शोधू लागलो आणि माझी मला भीती वाटली. मी आता काहीही म्हटलं असतं, तरी ते गिरणेकाठी निघालंच असतं.

"मला माहीत नाही, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी टाक दौतीत बुडवला, "मला माहीत नाही" असं सुवाच्य अक्षरात वहीत लिहून घेतलं आणि पुढचं वाक्य ऐकायला माझ्याकडे बघत बसले.