पलंगाचे चार पाय

आई ज्या पलंगावर गेली तो पलंग आप्पांनी स्वतः केलेला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत सुतार होते. डब्यांची बाकं, खिडक्यांच्या चौकटी, दारं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लग्न ठरल्यावर त्यांनी सुट्टीच्या दिवसांत हा पलंग केला. वरचे आडवे दांडे आणि फळ्या साध्या लाकडाच्या होत्या, पण पाय सागाचे होते. चांगले चार इंच जाड, चौकोनी. एवढे जाड पाय कशाला, असं आई विचारायची, असं आप्पा सांगत. आई स्वतः मात्र ही गोष्ट कधी सांगत नसे.

आई आजारी पडली तेव्हा माझी मोठी बहीण न्हावऱ्याहून आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या घरी ऊस, कांदा आणि सहा गायी. गायी सोडून ती कधी दोन दिवससुद्धा माहेरी राहिली नव्हती, पण या वेळी दीड महिना राहिली. आईची कूस बदलणं, तिला भरवणं, अंग पुसणं सगळं तिनं केलं. मी शिरूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. रविवारी यायचो, खुर्चीवर बसायचो, आईला काही वाचून दाखवायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचो. त्या दीड महिन्यात माझ्या वाट्याला एवढंच आलं. अक्का पलंगाजवळ खालीच अंथरूण टाकायची. बसली की उशाकडच्या पायाला पाठ टेकून बसायची.

आमच्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाचा पलंग दान देतात. पलंग, गादी, उशी, छत्री, चपला. गुरुजींनी दहाव्याच्या दिवशी ही यादी सांगितली तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "पलंग तोच लागतो का?"

"तोच. माणूस ज्यावर गेलं तोच."

आप्पांनी मान हलवली. पुढचे दोन दिवस ते घरामागच्या पत्र्याच्या खोलीत होते. ती त्यांची कामाची खोली. आलेले लोक म्हणाले, आप्पांना एकटं राहू द्या. आम्ही राहू दिलं.

तेराव्याला पलंग अंगणात मांडला. त्यावर नवी गादी, नवी चादर. चादर दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. गुरुजींचं चाललेलं असताना अक्का नमस्काराला वाकली आणि तशीच थांबली. मग उठून बाजूला आली. विधी संपून पलंग टेम्पोत चढला, टेम्पो गेला, पंगत उठली. नंतर स्वयंपाकघरात आप्पा पाणी प्यायला आले तेव्हा तिनं विचारलं, "आप्पा, ते पाय कुणाचे?"

"पलंगाचेच की."

"आईच्या पलंगाचे?"

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "पलंग दिला ना? सगळा दिला. पाय तेवढे नवे लावून दिले. कडुनिंबाचे हायेत. घेणाऱ्याचं काय वाईट झालं?"

"देवाला फसवलं तुम्ही."

"देवाला सुतारकाम कळतं. त्याला दिसलं असंल," आप्पा म्हणाले आणि मागच्या खोलीकडे गेले.

माझ्या लक्षात काहीच आलं नव्हतं. मी त्या पलंगाशेजारी खुर्चीवर इतके रविवार बसलो, पण पाय कसे होते ते मला डोळ्यांसमोर आणता येईना. अक्काला चादरीच्या खालून दिसलेल्या चार बोटं लाकडावरून कळलं.

पाय मागच्या खोलीत का राहिले ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आप्पा निवृत्त झाल्यावर शिक्रापूरला एका फर्निचरवाल्याचं सामान निघालं होतं, त्यातून त्यांनी एक बँडसॉ आणला होता. एकावर एक दोन चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारी करवतीची लांब पट्टी. लाकडाच्या वखारीत असतो त्याचंच छोटं रूप. त्यावर ते नक्षीच्या पेट्या करत. कोयरीच्या आकाराच्या, पानाच्या आकाराच्या, बसलेल्या कबुतराच्या आकाराच्या. दौंडात ओळखीच्या बऱ्याच घरांत त्यांची एकेक पेटी आहे. कुणी त्यात बांगड्या ठेवतं, कुणी औषधाच्या गोळ्या.

या पेट्या फळ्या जोडून करत नाहीत. एकच भरीव ठोकळा घ्यायचा आणि त्याच्यातूनच सगळं कापून काढायचं. आधी बाहेरचा आकार. मग मागच्या बाजूची एक पातळ चकती कापून वेगळी ठेवायची. तिला आप्पा पाठ म्हणत. मग एका कडेनं पट्टी आत घालून आतला गाभा अखंड रेषेत कापून काढायचा, तो झाला खण. खणाचं पुढचं आणि मागचं तोंड कापायचं, मधला भाग पोखरायचा, तोंडं परत चिकटवायची. शेवटी पाठ होती तिथं चिकटवली की पेटी बंद. पट्टी ज्या वाटेनं आत शिरली ती फट गोंद भरून शिकंज्यात आवळली की दिसतसुद्धा नाही. लाकडाच्या रेषा पेटीवरून खणावर आणि खणावरून परत पेटीवर तशाच जातात. एका पेटीचा खण दुसऱ्या पेटीत बसत नाही.

"आकार, पाठ, गाभा, खण," आप्पा मला म्हणून दाखवत. "ह्याच्यात मागंपुढं झालं की लाकूड गेलं."

महिनाभरानंतर त्यांनी पाय कामाला घेतले. मी दर रविवारी जात होतो. आई नसताना जाण्याची सवय लावून घेत होतो असं म्हटलं तरी चालेल. आप्पांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्रत्येक पायावरून हळूहळू फिरवलं, कुठं खिळा राहिला असेल तर पट्टी तुटते म्हणून. मग एकेका पायाचे दोन तुकडे करून शेजारी शेजारी चिकटवले. विटेपेक्षा थोडे मोठे चार ठोकळे झाले. एक मावशीला, एक मला, एक अक्काला आणि एक घरात राहणार होता.

मी अक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "माझी करू नका म्हणावं. आत्याबाई घरात घेणार न्हाईत." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

"सासूबाईंना सांगायचंच कशाला, कसलं लाकूड आहे ते?"

"भाऊ, तू पुस्तकं सांभाळतोस, तुझं बरंय." नंतर म्हणाली, "आत्याबाईंचं जाऊ दे. मलाच नको. दीड महिना मी त्या पायाला टेकून बसले. आई रात्रीची कण्हायची तवा ते लाकूड माझ्या पाठीला हलायचं. आता ते फडताळात ठेवून मी त्याच्यात काय ठिवू?"

मी हे आप्पांना सांगितलं, पण सगळं सांगितलं नाही. सासूबाईंचं सांगितलं आणि थांबलो. आप्पांनी ऐकून घेतलं. "करून तर ठेवतो," म्हणाले. "आज न्हाई तर उद्या घील." मला कळत होतं की बाकीच्या तीन पेट्यांपेक्षा त्यांना या एकीची जास्त काळजी होती. दीड महिना जिनं केलं तिच्याच घरात आईचं काही जाणार नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मावशीची पेटी झाली. माझी झाली. घरातली झाली. अक्काचा ठोकळा त्यांनी शेवटी घेतला. तो उशाकडच्या पायाचा होता. त्यावर त्यांनी गायीचं तोंड काढलं, शिंगांसकट. दोन रविवार पेन्सिलच खोडत होते.

तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा मशीन बंद होतं. आप्पा स्टुलावर बसले होते, अंगावर भुसा, मांडीवर पेटी. मी जवळ गेलो. गायीचं तोंड सुरेख कापलं होतं. खणाचा गाभाही निघाला होता. पण पेटीला भोक आरपार होतं. त्यातून मला पलीकडची त्यांची बोटं दिसली.

"पाठ काढायची राहिली," आप्पा म्हणाले. "आकार झाला आन् सरळ खणाला हात घातला."

मी म्हणालो, गाभ्याचीच मागची चकती कापून भोकात बसवता येईल.

"येती. पण पट्टीनं खाल्लेलं लाकूड कुठून आणायचं? भवती फट राहील. गोंद भरला तरी दिसंल." त्यांनी पेटी उलटी केली, परत सुलटी केली. "चाळीस वरसं लाकूड कापलं. पाठ कवा विसरलो न्हाई."

दुसरा साग लावायचा का, असं मी विचारलं नाही. आईच्या पलंगाचा साग संपला होता. बाकीचा पलंग कुणाच्या तरी घरी होता. त्या दिवशी आम्ही जेवलो, वर्तमानपत्र वाचलं, आणि आप्पांनी मशीनवर कापड टाकलं. ते कापड मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी स्टँडवरून मी अक्काला फोन केला. पेटी घे असं म्हणायला नव्हे. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

"तुझी पेटी बिघडली. आप्पा पाठ कापायला विसरले."

"कोण विसरलं?"

"आप्पा."

फोनवर तिच्या मागं गायींच्या साखळ्यांचा आवाज येत होता. "आप्पा विसरले?" तिनं परत विचारलं. मग म्हणाली, "जेवले का ते?"

पुढच्या रविवारी मी पोचायच्या आधीच ती दौंडला आली होती. दोन एसटी बदलून, काखेत गोणपाटात गुंडाळलेली फळी घेऊन. आप्पांच्या खोलीत तिनं ती फळी मशीनवर ठेवली, कापडावरच.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"बाभळ हाय. आमच्या गव्हाणीची. आता सिमेंटची गव्हाण केली, तवा काढलेली. पाठ लावा."

आप्पांनी फळीवरून हात फिरवला. गायींच्या माना वर्षानुवर्षं घासून तिची एक बाजू गुळगुळीत झाली होती. "सागाला बाभळ? रंग येगळा दिसंल."

"दिसू द्या."

"जड हुईल."

"डोक्यावर घिऊन फिरायचं हाय व्हय मला?"

आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी लोहचुंबक शोधलं. फळीत तीन खिळे निघाले. तिसरा निघेना तेव्हा अक्कानं फळी पायाखाली धरली आणि आप्पांनी पकडीनं ओढला. मी दारात उभा होतो. मला काही काम नव्हतं. मग त्यांनी मशीनवरचं कापड काढून घडी केली आणि माझ्या हातात दिलं.

बाभळीची चकती कापताना पट्टीचा आवाज सागापेक्षा बारीक, किरटा येत होता. आप्पांनी ती पेटीच्या मागं चिकटवली, शिकंज्यात आवळली, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसला. अक्का तेवढा वेळ स्टुलावर बसून होती. तिनं त्या पेटीला हात लावला नाही. शिकंजा सोडून, घासून, पॉलिश होऊन पेटी मिळायला आणखी आठवडा लागणार होता. तयार झाली की भाऊबरोबर पाठवा, असं अक्का म्हणाली.

मी पेटी न्हावऱ्याला पोचवली. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी ती हातातही न घेता विचारलं, "हीच का ती?"

अक्का म्हणाली, "आत्याबाई, निम्मं लाकूड आपल्या घरचं हाय."

"निम्मं कुठलं? पाठ तेवढी आपली." त्यांनी पेटीकडे बघून घेतलं. "गाय बरी काढलीया. पर उंबऱ्याच्या आत नको गं बाई."

अक्का वाद न घालता पेटी घेऊन मागच्या दारी गेली. मी तिच्यामागं जाऊन ती कुठं ठेवते ते बघावं असं मला वाटलं, पण गेलो नाही. दौंडला गेल्यावर आप्पांना मी एवढंच सांगितलं की पेटी दिली.

दिवाळीनंतर आप्पा स्वतःच म्हणाले, न्हावऱ्याला जाऊन येऊ. आम्ही दोघं गेलो. घरी चहा झाला. आप्पांची नजर फडताळावर, देव्हाऱ्यावर, टीव्हीच्या कपाटावर फिरत होती. अक्कानं ते पाहिलं.

"इकडं या," ती म्हणाली आणि आम्हाला गोठ्यात घेऊन गेली.

पेटी भिंतीतल्या कोनाड्यात होती, गायींच्या तोंडाच्या उंचीवर. पॉलिश जागोजागी मळलं होतं. एका शिंगावर शेणाचा वाळलेला ठिपका होता. अक्कानं खण ओढून दाखवला. आत कापूस, हळदीची पुडी, थर्मामीटर, गायींच्या लसीची कार्डं.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. आईचं लाकूड शेवटी गोठ्यात.

"आत नेली न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आत मी असती कवा, आप्पा?" अक्का म्हणाली. "पहाटेपासून हितंच असती की."

आप्पांनी खण हातात घेतला, कडा बोटानं तपासली, परत आत सरकवला. थोडा घट्ट जात होता. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, चाऱ्याचं एक पोतं ओढून घेतलं आणि त्यावर बसले. धारेची वेळ झाली होती. मी निघू या म्हणालो, एसटी चुकेल. ते म्हणाले, "तू हो पुढं. मी हाय आज हितं."